दहावीनंतर पदविका, पदविकेनंतर पुणे

दहावीचा निकाल लागला की, खताबियाण्यांची चौकशी करायला आलेला शेतकरी जाता जाता हमखास विचारतो, ‘‘साहेब, पोराला अकरावीला घालू का पॉलिटेक्निकला?’’ प्रश्न शेतीखात्याचा नाही, पण घर शेतकऱ्याचे आहे. तेव्हा त्याचे उत्तर येथे थोडे सविस्तर देत आहे.

आपल्या भागात असा समज आहे की, पदविका म्हणजे ज्याला बारावी झेपत नाही त्याची वाट, आणि एकदा तिकडे गेले की मोठ्या कॉलेजचे दार बंद. हे खरे नाही. दहावीच्या गुणांवर सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात प्रवेश घेऊन तीन वर्षांची पदविका पुरी केलेल्या मुलाला अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. हिशेब करून पाहा. अकरावी-बारावीची दोन आणि पदवीची चार, अशी सहा वर्षे. पदविकेची तीन आणि पदवीची उरलेली तीन, तीही सहाच. फरक एवढाच की, दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षाअखेर हातात एक प्रमाणपत्र येते. पावसाने दगा दिला, घरची ओढाताण झाली, तर स्थापत्य शाखेचा मुलगा त्या पदविकेवर कनिष्ठ अभियंत्याच्या जागेसाठी अर्ज करू शकतो. बारावीवर तसे होत नाही. ज्याचे पीक आभाळावर अवलंबून आहे, त्याने हा फरक लहान समजू नये.

आता मोठे कॉलेज कोणते, तर उदाहरण पुण्याचेच घेऊ. १८५४ साली सुरू झालेले तेथील शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. सीओईपी या नावाने मुले त्याला ओळखतात. खडकवासला धरणाला आपोआप उघडणारे दरवाजे बसवणारे विश्वेश्वरय्या पुण्यात याच संस्थेत शिकले. बारावीच्या मुलांना तेथे सीईटीची परीक्षा द्यावी लागते. पदविकेच्या मुलांना ती नाही. त्यांची गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवरच लागते.

मात्र जागा थोड्या असतात. थेट दुसऱ्या वर्षासाठी मंजूर जागांच्या दहा टक्के जागा जादा धरतात. म्हणजे ६० मुलांच्या वर्गात ६, आणि त्यांतही आरक्षणाची वाटणी. पहिल्या वर्षाच्या रिकाम्या राहिलेल्या जागाही यात मिळतात, पण नावाजलेल्या ठिकाणी जागा रिकाम्या राहतातच कुठे? नव्वदीच्या पुढचे गुण घेतलेली मुले तेथे रांगेत असतात. ‘पास झाला की पुरे’ म्हणून पदविकेची वर्षे काढणाऱ्या मुलाने पुण्याचे नाव काढू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

आणि प्रवेश मिळाला तरी खरी कसोटी पुढेच आहे. पदविकेत गणित बहुतेक सुरुवातीच्या वर्षातच संपते. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला मात्र अवकल समीकरणांपासून सुरुवात, आणि शेजारी बसलेला मुलगा अकरावी-बारावी आणि पदवीचे पहिले वर्ष असे सलग तीन वर्षे गणित करून आलेला. कांद्याचे रोप उपटून लावले की आठ-दहा दिवस माना टाकते, तसे या मुलांचे पहिल्या सहामाहीत होते. घरच्यांनी तेवढ्यात ‘पोरगं बिघडलं’ म्हणू नये. पदविकेचा शेवटचा पेपर आणि पदवीचा वर्ग यांच्यामध्ये जो काळ मिळतो, त्यात अकरावी-बारावीचे गणिताचे पुस्तक पुन्हा काढावे. प्रात्यक्षिकात आणि यंत्राला हात घालण्यात मात्र हीच मुले पुढे असतात.

पैशाचे बोलू. शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतला तरच शुल्काच्या सवलती मिळतात. २०२४ पासून ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास व इतर मागास वर्गांतील मुलींचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क शासन भरते. ‘मुलीला एवढ्या लांब कशाला’ म्हणणाऱ्या वडिलांनी निदान खर्चाची सबब सांगू नये. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. तिला अल्पभूधारक असल्याचा दाखला लागतो.

दाखल्यांवरच गाडी अडते. माझ्या माहितीतल्या एका मुलाचे गुण उत्तम होते, पण जात पडताळणीचे प्रमाणपत्र मुदतीत हाती आले नाही आणि त्याला खुल्या वर्गात जावे लागले. हवी ती शाखा गेली. पडताळणीचा अर्ज पदविकेच्या शेवटच्या वर्षाच्या आरंभीच करावा. उत्पन्नाचा आणि नॉन-क्रीमीलेअरचा दाखला ३१ मार्चनंतर नव्याने काढावा, कारण जुन्याची मुदत तेव्हा संपते. विकल्पांचा अर्ज भरताना पहिल्या क्रमांकावर तेच कॉलेज आणि तीच शाखा लिहावी, जी मिळाली तर मुलगा खरोखर जाणार आहे. पहिला विकल्प मिळाला की पुढच्या फेरीत बदल करता येत नाही. हा अर्ज गावातल्या नेटवाल्यावर सोपवून शेतात जाऊ नये. मुलाने किंवा मुलीने स्वतः शेजारी बसून प्रत्येक ओळ वाचावी आणि छापील प्रत घरी आणावी.