गांजा, कायदा आणि पाचवे शील

मालवण-तारकर्ली किनाऱ्यावर पर्यटन वाढले, तसा वाडीवाडीतल्या तरुणांच्या तोंडी एक युक्तिवाद ऐकू येतो. "गांजा म्हणजे झाडपाला. भांग कायद्यात बसते. परदेशात खुला झाला. मग आम्हालाच का अडवता?" नुसते 'वाईट आहे' म्हणून भागत नाही. इतिहास समजून घ्यावा लागतो.

ही वनस्पती कुणा एका समाजाची नाही. सिथियन म्हणजे शक टोळ्या तंबूत तापल्या दगडांवर तिचे बी टाकून धूर घेत, असे हेरोडोटसने इ. स. पूर्व पाचव्या शतकात लिहिले. शेजारच्या गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्टा या वैद्याच्या ग्रंथात भांगेवर स्वतंत्र प्रकरण आहे. १८४५ पासून भारतीय करारबद्ध मजूर जमैकातल्या मळ्यांवर गेले आणि 'गांजा' हा शब्द तिथे रुजला.

इंग्रजांना यात महसूल दिसला. नगर जिल्ह्यात तेव्हा गांजाची शेती होत असे. १८९३ साली नेमलेल्या आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या. बेताच्या सेवनाने फारशी हानी नाही, अतिसेवन घातक, म्हणून बंदी नको. कर आणि परवाने ठेवा, असा त्याचा निष्कर्ष होता. पुढे १९६१ चा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि १९८५ साली भारतात एनडीपीएस कायदा आला.

या कायद्यात गांजा म्हणजे फुलोरा. नुसते पान त्यातून वगळले आहे. भांगेची पळवाट ती हीच. पण महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली भांगही येते. एक किलोपर्यंत गांजा सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वकिलाला पैसे नसलेल्या घरातल्या पोराला हे किती महागात पडते, वेगळे सांगायला नको.

म्हणजे बंदी काय किंवा परवानगी काय, काळानुसार बदलत आली. आपली कसोटी त्यावर ठरत नाही. "बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला दिलेल्या प्रतिज्ञांत दारूचे नाव आहे, गांजाचे कुठे?" असेही काही जण विचारतात. उत्तर पाचव्या शिलात आहे. तिथे प्रश्न प्रमादाचा, म्हणजे सावधपणा सुटण्याचा आहे. ज्याने भान जाते ते बाटलीतून आले की चिलमीतून, फरक पडत नाही.

मात्र शील हे दुसऱ्याला झोडपायचे हत्यार नव्हे. व्यसनात अडकलेल्या मुलाला विहारातून हाकलले तर तो पुन्हा त्याच कट्ट्यावर जाईल. एनडीपीएसच्या कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. हा क्रमांक आपल्या विहाराच्या फलकावर लिहा आणि त्या मुलासोबत केंद्रापर्यंत जा.

जय भीम!