नॉरॲड्रेनॅलीन व ताण
मेंदूतील नॉरॲड्रेनॅलिनाचा मुख्य उगम मस्तिष्क स्तंभाच्या ‘सेतू’ या भागातील ‘नील बिंदू’ हा तंत्रिका कोशिकांचा समूह होय. या कोशिका थोड्या असल्या, तरी त्यांचे तंतू जवळजवळ सर्व मेंदूभर पसरलेले असतात. धोका वा वेदना जाणवताच त्या उद्दीपित होतात व तंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलीन मुक्त होते. त्यामुळे सावधपणा वाढतो आणि प्रसंग स्मृतीत ठसतो. माफक प्रमाणात हे द्रव्य ललाटखंडाच्या अग्रभागातील आल्फा-२ ग्राहींवर क्रिया करून विचारशक्तीस साहाय्य करते. तीव्र ताणात त्याचा अतिरेक झाल्यास आल्फा-१ ग्राही उद्दीपित होऊन विवेक मंदावतो. दीर्घकाळ थंडीत ठेवलेल्या उंदरांत नवा ताण येताच हे द्रव्य इतर उंदरांपेक्षा अधिक मुक्त होते, असे १९९१ मध्ये आढळले. म्हणजेच एका ताणाची सवय दुसऱ्या ताणापासून संरक्षण देतेच असे नाही.