डिझेलच्या टाकीतले पाणी

माझे बाबा होडी घेऊन मासेमारीला जातात. गेल्या वर्षी बंदी उठल्यावर पहिल्याच फेरीत, खडकांजवळ इंजिन बंद पडले. नांगर टाकला म्हणून होडी वाचली. फिल्टर उघडला, तर आत काळा बुळबुळीत गाळ!

हा गाळ आला कुठून? १ जून ते ३१ जुलै होडी किनाऱ्यावर होती. टाकी अर्धी रिकामी. रिकाम्या जागेत दमट हवा असते. रात्री टाकी गार झाली की त्या हवेतल्या वाफेचे थेंब होतात. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते तळाशी बसते. तिथे, पाणी आणि डिझेल यांच्या मध्ये, सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचाच हा गाळ. लाटांनी तो ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिनाला डिझेल मिळत नाही.

आता बाबा बंदीपूर्वी टाकी काठोकाठ भरतात. डिझेल गाळूनच ओततात. निघण्याआधी टाकीच्या तळाची तोटी उघडून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घेतात. बाटली धरायचे काम माझे! तळाला पाणी दिसले की मी ओरडतो, "बाबा, अजून काढा!" निव्वळ डिझेल आले की मगच होडी निघते.