फ्रीजमध्यें बर्फ कां सांचतो ?

गेल्या श्रावणांत आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरीं फ्रीजच्या वरच्या कप्प्यांत इतका बर्फ सांचला कीं, कप्प्याचें झांकण लागेना. मुलानें उत्साहाच्या भरांत सुरी घेऊन तो खरवडावयास आरंभ केला. एकाएकीं फुस्स असा आवाज झाला. यंत्र पुढें घरघरत राहिलें, परंतु थंडावा म्हणून देईना. आणि त्याच फ्रीजमध्यें त्याच्या आजीचें इन्शुलिन ठेविलेलें होतें. तें रात्रींच शेजाऱ्यांकडे हलवावें लागलें. दुसरे दिवशीं मुलगा खालीं मान घालून आम्हांस म्हणाला, "सर, आम्हीं तर आंत पाण्याचा थेंबही ओतला नव्हता, मग हा बर्फ आला कोठून?"

तो आला हवेंतून. ३० अंश उष्ण असलेली एक घनमीटर हवा सुमारें ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें धारण करूं शकते. तीच शून्य अंशावर आली म्हणजे जेमतेम ५ ग्रॅम, आणि उणे १८ अंशांवर सुमारें १ ग्रॅम. उरलेली वाफ थंड पत्र्यावर बसते व तेथेंच गोठते. लातुरास वैशाखांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तरी बर्फाचा त्रास पावसाळ्यांत अधिक, याचें इंगित हेंच होय. वैशाखांतील हवा तापलेली खरी, पण कोरडी, श्रावणांतील ओलसर.

दार जितक्या वेळां उघडावें, तितक्या वेळां ही ओली हवा आंत शिरते. भरींत भर म्हणून आपण वाफाळणारें वरण झांकणावांचून आंत ठेवितों ! पण याहून लबाड शत्रु म्हणजे दाराच्या कडेची रबरी पट्टी. ती मळली, चिरली किंवा कडक झाली म्हणजे दार लागलेलें दिसतें, पण हवा अहोरात्र आंत येत राहते. कागदाची एक पट्टी दारांत धरून दार लावावें व ती ओढून पाहावी. अडखळत न येतां सहज निघाली तर तेथें फट आहे असें समजावें. रबर मळलें असल्यास कोमट साबणाच्या पाण्यानें पुसावें, चिरलें असल्यास बदलावें.

जाड बर्फानें फ्रीज अधिक थंड राहतो, अशी कित्येक घरीं समजूत आहे. ती चुकीची आहे. हिमाच्या थरांत हवा अडकलेली असते. त्यामुळें तो गोधडीसारखा होऊन थंडावा अडवितो, यंत्रास अधिक वेळ चालावें लागतें व विजेचें बिल वाढतें. थर अर्ध्या सेंटिमीटरचा झाला कीं उतरवावा. साध्या फ्रीजमध्यें बहुधा त्यासाठीं एक बटण असतें. तें नसल्यास प्लग काढावा, जिन्नस बाहेर घ्यावे, कप्प्यांत गरम पाण्याचें पातेलें ठेवावें आणि शेवटीं कोरड्या फडक्यानें पुसून घ्यावें. वितळलेलें पाणी आम्हीं झाडांस घालतों. २०१६ च्या एप्रिलांत ज्या शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें तें मोरींत ओतणें जिवावर येतें. ज्या फ्रीजमध्यें बर्फ आपोआप वितळण्याची योजना असते, तेथें रबर शाबूत असूनही थर दिसूं लागल्यास कारागिरास बोलवावें.

सुरी मात्र कदापि लावूं नये. पत्र्याच्या आंतून वायूच्या नाजूक नळ्या गेलेल्या असतात, आणि हल्लींच्या पुष्कळ फ्रीजांत आयसोब्यूटेन हा ज्वालाग्राही वायु असतो. नळी फुटलीच तर खिडक्या उघडाव्या. काडी पेटवूं नये, विजेच्या बटणासही हात लावूं नये.

इन्शुलिनविषयीं एक गोष्ट पालकांनीं ध्यानांत ठेवावी. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवावयाची असते, पण बर्फाच्या कप्प्यास खेटून नव्हे. एकदां गोठलेलें इन्शुलिन वितळल्यावर जसेंच्या तसें दिसलें तरी वापरूं नये.

नवी नळी बसवून फ्रीज घरीं परत आल्यावर त्या विद्यार्थ्यानें कागदाची पट्टी लावून पाहिली. तीन बाजूंस ती घट्ट बसली; बिजागरीजवळच्या खालच्या कोपऱ्यांत मात्र अलगद हातांत आली.