मत्स्यबीजाची वारसनोंद

आपल्या सातारा-सांगली भागांत शेततळीं वाढलीं, आणि त्यांत मासे पाळणारे बागाइतदारही दिसूं लागले आहेत. बोटुकली विकत घेतांना आपण तिची लांबी पाहतों, चपळाई पाहतों, दराची घासाघीस करतों; पण तिचे आईबाप कोण, हें कोणी विचारीत नाहीं. खिलार खोंड घेतांना मात्र गाईची व वळूची चौकशी केल्यावांचून आपण दाव्यास हात लावीत नाहीं. माशाच्या बाबतींत हा प्रश्न केला तरी विक्रेत्यासही उत्तर देणें कठीण असतें. तें कां, हें समुद्रकांठच्या जिताड्याच्या उदाहरणानें चांगलें समजतें.

जिताडा हा समुद्राच्या व खाडीच्या पाण्यांतला मासा. परंतु तो गोड्या पाण्यांतही वाढतो, सबब घाटावरील शेतकऱ्यास त्याची माहिती असावी. रायगड जिल्ह्यांत अलिबाग-पेणकडील लोक खाडींतून त्याचीं पिलें धरून तळ्यांत सोडीत आले आहेत. बंदिस्त जागेंत त्याचें प्रजनन भारतांत प्रथम साधलें तें 1997 सालीं, चेन्नई येथील केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेंत.

या माशाची तऱ्हा अशी कीं, तो प्रथम नर असतो व कांहीं वर्षांनीं तोच मादी होतो. प्रजननासाठीं एका टाकींत कांहीं माद्या व कांहीं नर एकत्र ठेवितात. माद्या अंडीं सोडितात, नर शुक्र सोडितात, आणि फलन पाण्यांतच होतें. एका मोठ्या मादीचीं अंडीं लाखांनीं मोजावीं लागतात. तरंगत्या अंड्यांतलें कोणतें कोणाचें, हें डोळ्यांनीं ओळखणें अशक्य. टाकींत दहा माद्या आहेत म्हणून दहांचीही संतति निपजली असें समजणें, म्हणजे सातबाऱ्यावर दहा नांवें आहेत म्हणून दहाही जण शेत कसतात असें मानण्यासारखें आहे!

येथें डी.एन.ए. परीक्षा उपयोगी पडते. शरीरांतील हा लेख वाचण्याची विद्या आपल्या जिल्ह्यास अगदींच नवी नाहीं. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें सुंदरबनांतील गरोळ मेंढींचा जुळीं देण्याचा गुण दख्खनी मेंढींत आणिला. हा गुण एखाद्या नराच्या अंगीं आहे किंवा नाहीं, हें पूर्वीं त्याच्या लेकींचीं वेतें पाहूनच कळे. 2001 सालीं त्या गुणाचें मूळ सांपडलें, आणि पुढें तें रक्ताच्या नमुन्यावरून सांगतां येऊं लागलें. माशांत प्रश्न एका गुणाचा नसून सबंध पितृत्वाचा व मातृत्वाचा आहे, इतकाच फरक.

डी.एन.ए. हा चार अक्षरांनीं लिहिलेला लांबलचक लेख होय. त्यांत कांहीं जागीं तींच अक्षरें पुनः पुनः येतात, आणि तीं किती वेळां येतात हें निरनिराळ्या प्राण्यांत निरनिराळें असतें. अशा प्रत्येक जागेचे दोन आंकडे. एक आईकडून आलेला, एक बापाकडून. समजा, मादीचे आंकडे 10 व 14, एका नराचे 12 व 13, दुसऱ्याचे 11 व 16 आहेत. पिलाचे 14 व 16 निघाले, तर पहिला नर आपोआप वगळला जातो. आंकडे योगायोगानेंही जुळतात, म्हणून एकाच जागेवरून निवाडा देत नाहींत. अनेक जागा पडताळून पाहतात. नमुन्यास शेपटीच्या पराचा लहानसा तुकडा मद्यार्कांत ठेवला कीं पुरे. मोठा मासा त्यानें मरत नाहीं.

जिताड्यावर अशी परीक्षा ऑस्ट्रेलियांत झाली व तिचा वृत्तांत 2006 सालीं प्रसिद्ध झाला. टाकींतील सर्व प्रजनकांचा वांटा सारखा नसतो, थोड्यांचीच संतति भारी पडते, व त्यामुळें पिढींतील विविधता घटते, असें दिसून आलें. जिताड्याचीं मोठीं पिलें लहान भावंडांस खातात, म्हणून तीं वारंवार निवडून वेगळीं करावीं लागतात. या निवडींतही एखादें कूळ नकळत मागें पडूं शकतें.

याचा परिणाम हिशेबानें पाहूं. नर व माद्या यांच्या संख्यांचा गुणाकार करून त्यास चारांनीं गुणावें आणि दोहोंच्या बेरजेनें भागावें, म्हणजे खरी प्रजनकसंख्या येते. 10 नर व 10 माद्या यांची ती 20 होते. पण मादी एकच फळली, तर 10 नर असूनही ती 3.6 च भरते! एका पिढींत वाढणारें रक्तसाम्य पहिल्या हिशेबांत शेकडा 2.5, तर दुसऱ्यांत सुमारें 14. त्याच पिलांतून पुढचे प्रजनक राखले, तर भावाबहिणींचाच संकर होऊं लागतो. मग वाढ खुंटते, व्यंगें निघतात, रोगास बळी पडण्याचें प्रमाण वाढतें. दोष मात्र खाद्यास व पाण्यास दिला जातो.

रोहू माशांत दुसरा मार्ग आहे. भुवनेश्वर येथें 1992 पासून नॉर्वेच्या साह्यानें जें निवड-प्रजननाचें काम झालें, त्यांत एकेका जोडप्याचीं पिलें स्वतंत्र वाढवून खुणा करीत. तेथूनच 'जयंती' रोहू आला. हा मार्ग निर्धोक खरा, पण कुळागणिक जागा पाहिजे, आणि एका टाकींत सामुदायिक अंडीं सोडणाऱ्या माशांस तो सहज लागू पडत नाहीं.

म्हणून बीज घेतांना निदान एवढें विचारावें: प्रजनक किती, नर किती, माद्या किती, ते बाहेरून आणिले कीं घरच्याच पिलांतून राखले, आणि त्यांची पालट केव्हां झाली? बीजकेंद्र चालविणाऱ्यांनीं तर प्रत्येक प्रजनक टाकींत सोडतेवेळींच त्याच्या पराचा तुकडा व क्रमांक जपून ठेवावा. पुढें प्रजनक मेला किंवा विकला गेला, आणि नमुना नसला, तर पिलांचे आंकडे हातीं असूनही ते जुळवावयाचे कोणाशीं?