सेगावचा लेख आणि यिर्मयाचे शेत

दि. २० नोव्हेंबर १९३८ रोजी वर्धा जिल्ह्यातील सेगाव (१९४० पासून सेवाग्राम) येथे महात्मा गांधींनी ज्यूंविषयी एक लेख लिहिला. २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये तो प्रसिद्ध झाला. जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरे जाळली गेली, त्या घटनेला तेव्हा दोन आठवडेही झाले नव्हते. लेखातील अहिंसक प्रतिकाराच्या सल्ल्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु बायबलमधील पॅलेस्टाईन हा भूप्रदेश नसून त्याचे स्थान अंतःकरणात आहे, असे जे विधान त्यात आहे, त्याचा संदेष्ट्यांच्या ग्रंथांच्या आधारे विचार होणे अगत्याचे आहे.

इ.स.पू. ५८७ च्या सुमारास यरुशलेम बाबेलच्या सैन्याच्या हाती पडले, मंदिर भस्मसात झाले, लोक हद्दपार झाले. पुनःस्थापनेच्या वचनांना या विध्वंसाची पार्श्वभूमी आहे. यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात देव नवा करार करण्याचे वचन देतो आणि आपले नियमशास्त्र लोकांच्या हृदयावर लिहीन असे म्हणतो. गांधींचे प्रतिपादन या स्थळाच्या अगदी निकटचे आहे. मात्र लगतचा ३२ वा अध्याय काय सांगतो? नगराला वेढा पडलेला, संदेष्टा स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. आणि अशा वेळी तो अनाथोथ येथील आपल्या चुलतभावाचे शेत विकत घेतो. सतरा शेकेल रुपे तोलून दिले जाते, साक्षीदारांच्या सह्या होतात, मोहोरबंद खरेदीखत आणि त्याची उघडी प्रत मातीच्या भांड्यात ठेवली जाते. या देशात घरांचे, शेतांचे व द्राक्षमळ्यांचे व्यवहार पुन्हा होतील, याची ती खूण. सातबाऱ्याचे मोल जाणणाऱ्या वाचकास या प्रसंगाचे मर्म उलगडून सांगावे लागू नये. यहेज्केलाच्या ३६ व्या अध्यायात तर पाषाणमय हृदयाच्या जागी मांसमय हृदय आणि पूर्वजांच्या भूमीत निवास ही दोन्ही आश्वासने एकाच ओघात येतात.

याच्या मुळाशी भाषेचाही एक विशेष आहे. हिब्रूतील 'शूव' या धातूचा अर्थ परत येणे असाही होतो आणि देवाकडे वळणे, पश्चात्ताप करणे असाही. मराठीत प्रसंगपरत्वे वेगळे शब्द योजावे लागतात. त्यामुळे देशी परतणे आणि मनाने वळणे यांचे मुळातील एकत्व अनुवादात लोपते. हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध करणाऱ्या पंडिता रमाबाईंनाही (त्यांचे संपूर्ण बायबल मृत्यूनंतर, १९२४ मध्ये निघाले) ही अडचण भेडसावली असणारच.

मार्टिन बूबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ रोजी यरुशलेमहून गांधींना जे पत्र लिहिले, त्याचा गाभा नेमका हाच आहे. त्यांच्या मते निर्णायक गोष्ट भूमीचे वचन ही नव्हे, तर त्या भूमीशी निगडित असलेली आज्ञा होय. जमिनीचे न्याय्य वाटप, सातव्या वर्षाची विश्रांती यांसारखे नियम केवळ अंतःकरणात पाळता येत नाहीत. त्यांना शेत लागते. बूबर यांचा हा युक्तिवाद ग्रंथार्थाच्या दृष्टीने अधिक सबळ आहे. तथापि त्या शेतावर आधीपासून राबणाऱ्या अरबांचा प्रश्न, जो गांधींनी लेखाच्या अग्रभागी ठेवला होता, तो केवळ ग्रंथाधारे सुटत नाही. बूबर यांना त्याची जाणीव होती. दोन्ही समाजांच्या सहजीवनाचा आग्रह ते या पत्रातही धरतात. पत्राला गांधींकडून उत्तर मिळाले नाही.