ती मान, तो मान, तें मान

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत 'मान खालीं घालणें' हा वाक्प्रचार शिकवितांना आम्हीं असें ठोकून दिलें कीं, प्रतिष्ठा या अर्थाचा 'मान' शब्द मानेवरूनच आला. अपमान झालेला मनुष्य मान खालीं घालतो, स्वाभिमानी ती ताठ ठेवितो; तेव्हां कल्पना पटण्यासारखी होती. म्हसवडकडील एक विद्यार्थी मात्र उभा राहून म्हणाला, "सर, मग ती मान आणि तो मान असें कां?" आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. रात्रीं कोश उघडला.

ती मान संस्कृत 'मन्या' शब्दापासून प्राकृतावाटे मराठींत आली. तो मान, म्हणजे आदर, हा 'मन्' धातूचा. तें मान म्हणजे माप, आणि तें 'मा' म्हणजे मोजणें या धातूचें. आपण 'त्या मानानें' म्हणतों तें हेंच. मोल्सवर्थ साहेबांच्या कोशांत (दुसरी आवृत्ति, १८५७) नामापुढें लिंग दिलेलें असतें. विद्यार्थी अर्थ तेवढा वाचतात व तें एक अक्षर गाळतात. आम्हीही गाळीत होतों.

उपसर्ग लागला कीं घोटाळा वाढतो. अपमान, अभिमान, सन्मान हे 'मन्'चे. परंतु त्यांच्याच पंक्तीस बसलेलें अनुमान 'मा'चें. येथेंही लिंग साक्ष देतें: तो अपमान, तें अनुमान. ('बुद्धिमान' यांतील 'मान' तर निराळाच, तो नुसता प्रत्यय आहे.) पर्जन्यमान हेंही मापच. सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरचें वार्षिक पर्जन्यमान पांच हजार मिलिमीटरांहून अधिक, तर त्याच जिल्ह्याच्या पूर्वेस दहिवडी-म्हसवडच्या बाजूस पांचशेंच्या आसपास.

त्या कोरड्या तालुक्याचें नांव माण. तेथें उगम पावणारी माण नदी सांगली जिल्ह्यांतील आटपाडी तालुक्यांतून पुढें जाऊन भीमेस मिळते. हा शब्द 'ण'चा. वरील तिघांच्या कुळांत त्यास ओढूं नये. परंतु आमच्याकडे खेड्यांतून 'पाणी'चें 'पानी' होतें, तसें 'माण'चेंही 'मान' होतें. त्या विद्यार्थ्यानेंही आपल्या गांवावरील निबंधांत 'मान तालुका' लिहिलें होतें आणि आम्हीं तांबड्या शाईनें अर्धा गुण कापला होता.

तो अर्धा गुण आम्हीं परत दिला नाहीं. 'न' चुकीचाच होता. मात्र दुसऱ्या दिवशीं फळ्यावर ती, तो, तें असे तीन शब्द लिहून आपली चूक वर्गास सांगितली, आणि प्रत्येकापुढें मूळ धातु व शब्द लिहिण्यास त्यालाच खडू दिला.